शिडावरची चीर

लिलावाच्या आदल्या आठवड्यात, लिलावघराच्या वरच्या मजल्यावर नाणी बघायला ठेवतात. खोली लांबट आहे. मध्ये टेबल, त्यावर हिरव्या लोकरी कापडाची बनात, प्रत्येक खुर्चीसमोर मान वाकवलेला दिवा. नियम भिंतीवर लावलेले आहेत, पण ते कोणी वाचत नाही, कारण ट्रे आणून देणाऱ्या मावशी ते तोंडानेच म्हणत असतात. एका वेळी एकच ट्रे. नाणे कडेने धरा, चेहऱ्याला बोट लावू नका. बनातीच्या वरच धरा, पडले तरी लागणार नाही. आणि स्वतःचे नाणे बरोबर आणू नका. टेबलावर अदलाबदल झाली तर कोणाचे कोणते हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

बायको गेल्यानंतर मी तिथे जायला लागलो. नोकरी ग्रंथालयात झाली, त्यामुळे नाणी मी आयुष्यभर पाहिली ती पुस्तकांतली, छापलेली, वजन नसलेली. निवृत्तीनंतर काही दिवस ग्रंथालयातच जाऊन बसायचो, पण तिथली नवी मंडळी उठून खुर्ची द्यायची आणि मला अपराध्यासारखे व्हायचे. नाण्यांच्या खोलीत कोणी कोणाला खुर्ची देत नाही. तासन्‌तास गप्प बसलेला माणूस तिथे विचित्र दिसत नाही. मला एवढेच हवे होते, असे मी स्वतःला सांगत असे.

पहिल्या दिवशी मी घरातले वाचायचे भिंग घेऊन गेलो. बाकीच्यांची भिंगे अंगठ्याएवढी. शेजारी एक गृहस्थ होते, जे टोपी कधीच काढत नाहीत. ते म्हणाले, "अहो, हे भिंग आहे की तवा?" तेव्हापासून मी भिंगराव. माझे खरे नाव तिथे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. भिंगराव माझ्यापेक्षा बरा माणूस होता. लोक त्याला प्रश्न विचारत, आणि तो पुस्तकात वाचलेले, अडखळत का होईना, सांगत असे.

समोरच्या खुर्चीवर नर्सबाई बसत. इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्या फक्त जहाज असलेली नाणी बघत. राजे, राण्या, सिंह, गरुड, काहीही आले तरी ट्रे पुढे ढकलत. कारण विचारायचे धाडस व्हायला मला कितीतरी दिवस लागले.

"वडील जहाजावर होते," त्या म्हणाल्या. "घरी असले की पाहुण्यासारखे वागायचे. गेले की वडील व्हायचे."

मी ट्रेमध्ये बघत राहिलो. त्यांनी ते मनावर घेतले नसावे, कारण जरा वेळाने म्हणाल्या, "भिंगराव, ते नाणं उलटं धरलंय तुम्ही."

त्या खोलीत समोरच्या नाण्याबद्दल लोक वाटेल तेवढे बोलतात, पण घरी काय आहे याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. चोरांची भीती, हे सांगायचे कारण. मला वाटते खरे कारण वेगळे आहे. दाखवले आणि समोरच्याने नुसती भुवई वर केली, तर? त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यात लिलावघराच्या मालकांची एक पद्धत अशी, की काही नाणी ते उघड लिलावात न आणता बंद पाकिटावर विकत. निवडक माणसांना एकेकट्याने केबिनमध्ये बोलावायचे, नाणे दाखवायचे, प्रत्येकाने आकडा लिहून पाकीट द्यायचे. ज्याचा आकडा मोठा त्याचे नाणे. आणखी कोणी पाकीट दिले हे कोणालाच कळत नसे.

गेल्या हिवाळ्यात मालकांनी मला असे बोलावले. "भिंगराव, हे फक्त तुमच्यासारख्यालाच कळेल," म्हणाले. मला ऐकू आले ते एवढेच, की मला बोलावले आहे. त्या आनंदात मी नाणे किती नीट पाहिले, देव जाणे.

चांदीचे, जुन्या कुठल्याशा बंदराचे नाणे. एका अंगाला एकशिडी जहाज. शिडावर तिरकी बारीक चीर, आणि जहाजाच्या पुढच्या टोकाखाली एक खळगा, जणू खडकावर आपटले असावे. पुस्तकातली नाणी कोरी असतात, त्यांना काही झालेले नसते. या नाण्याला काहीतरी झाले होते, आणि माझा जीव जडला तो त्याच्यावरच. मी पाकीट दिले. नाणे मला मिळाले.

आणि मग मी त्या खोलीतला न लिहिलेला नियम मोडला. खालच्या चहाच्या दुकानात नर्सबाईंना ते नाणे दाखवले. त्यांनी रुमाल पसरला, त्यावर धरून कितीतरी वेळ पाहिले.

"ही चीर कसली?"

"चांदी खरी की नाही बघायला कुणा दुकानदारानं सुरी लावली असेल," मी म्हणालो.

"आणि खरी निघाल्यावर सॉरी म्हणाला असेल का?"

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी माझा मोठ्याने हसण्याचा आवाज मला ऐकू आला. नाणे परत देताना त्या म्हणाल्या, "असं दुसरं आलं तर मला सांगा हं. इतकी वर्षं बहिणीच्या आजारपणात गेली. आता ती नाही. एक वस्तू स्वतःसाठी घ्यायची आहे, आणि तुमच्या नजरेखालून गेलेलीच घेईन."

मी इतका फुशारलो की दुसऱ्याच दिवशी मालकांना जाऊन सांगितले, जहाजाचे नाणे आले तर नर्सबाईंना आधी कळवा.

उन्हाळ्याच्या लिलावाची सूची आली त्या संध्याकाळी माझा फोन वाजला. लेकीचा असेल म्हणून उचलला. ती दुसऱ्या देशात असते आणि रविवारी फोन करते. तो रविवार नव्हता, म्हणून थोडा घाबरलोही.

"भिंगराव, जहाज आलंय!" नर्सबाई होत्या. त्या खोलीतले कोणी मला घरी फोन करेल असे मला कधी वाटले नव्हते. "सूचीतला फोटो अगदी बारीक आहे, पण तुमच्यासारखंच दिसतंय. मला गुडघ्याच्या तपासणीला जायचंय, बघायला यायला जमणार नाही. तुम्ही बघून ठेवा. तुम्ही हो म्हणालात की मी हात वर करणार, आणि खाली घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी पहिला जाऊन बसलो. मावशींनी ट्रे आणला. मी जहाज कडेने उचलले, दिव्याखाली धरले, आणि मला आनंद झाला. हे सांगायला लाज वाटते, पण आधी आनंदच झाला. ओळखीचा चेहरा गर्दीत दिसावा तसा. शिडावरची तिरकी चीर, टोकाखालचा खळगा. हे तर माझेच!

मग मी ते झटकन ट्रेमध्ये ठेवले. माझे नाणे इथे कसे? चोरी! मी ट्रे तसाच टाकून उठलो. "काका, सही करून जा की!" मावशी ओरडल्या. मी बसथांब्यापर्यंत पळत गेलो म्हणालो तर अतिशयोक्ती होईल, पण माझ्या वयाला शोभणार नाही इतक्या वेगाने गेलो. घरी पोचून कपाट उघडले. नाणे जागेवर होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे म्हणून मी खुर्चीवर टेकलो, पाणी प्यायलो. आणि पाणी पिता पिता मला कळले, की चोरी झाली असती तर बरे झाले असते.

टाकसाळीत एका ठशाने ठोकलेली हजार नाणी एकसारखी असतात. ते ठीक आहे. पण जखम ज्याची त्याची. टाकसाळीतून बाहेर पडल्यावर जगात ज्याला जे लागले ते लागले. दोन नाण्यांना एकाच जागी, एकाच कोनात चीर असेल, आणि खळगाही तोच असेल, तर ती दोन्ही जगलेलीच नाहीत. ती एका साच्यातून ओतलेली आहेत. हे मी पुस्तकात वाचले होते. पानाची कुठली बाजू हेसुद्धा आठवत होते. आणि ज्या चिरेवर माझा जीव जडला होता, तीच मी खरेपणाची खूण समजलो होतो.

पण माझी खात्री ही फार वेळ टिकणारी वस्तू नाही. तास गेला तशी शंका आली: चीर खरेच त्याच कोनात होती का? स्वतःचे नाणे तिथे नेता येत नाही. म्हणून मी घरी बघायचो, डोळ्यांत साठवायचो, आणि तिथे जाऊन बघायचो. बसमधून उतरेपर्यंत डोळ्यांतले सांडून जायचे. पुन्हा घर, पुन्हा खोली.

"काका, तेच नाणं परत?" मावशी म्हणाल्या. "लग्न ठरवायचंय का त्याच्याशी?"

शेवटी मी मालकांच्या केबिनचे दार वाजवले. मालक अगत्यशील माणूस, वडिलांपासून चालत आलेला धंदा. त्यांनी मला बसवले, ऐकून घेतले आणि जरा वेळ पेन्सिल फिरवत राहिले.

"भिंगराव, सुतावरून स्वर्ग गाठताय. खोटं असतं तर उघड लिलावात मांडलं असतं का मी?"

"पण चीर..."

"बरं, तुमचंच धरून चालू. साचा करायला आधी एक खरं नाणं लागतं की नाही? चीर असलेलं, खळगा असलेलं, खरं. मग हेच ते असेल. तुमचं ओतीव असेल. तुमचं आणा, मी परत घेतो, आजच्या आज. तुमचा जीव शांत, माझाही." ते हसले. "आणि एवढं करूनही वाटलंच, तर लिलावात हरकत घ्या. या घराचा नियमच आहे. पण हरकत घेणाऱ्यानं पुरावा टेबलावर मांडायचा. म्हणजे तुमचं नाणं सगळ्यांच्या पुढ्यात. भिंगरावांनी खोटं नाणं घेतलं, हे सगळ्यांना कळणार. हात दाखवून अवलक्षण! मी आपला तुमच्या भल्याचं सांगतोय."

त्यांना माहीत होते की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. काही दिवस वाटते माहीत होते, काही दिवस वाटते तेही फसले होते. त्या दिवशी मात्र त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटला. एक खरे असणारच. ते हेच नसेल कशावरून? मी परत वर गेलो. भिंगाखाली चिरेच्या कडा पाहिल्या. सुरीची चीर धारदार असायला हवी, चांदी दोन्ही बाजूंना किंचित उचललेली. या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होत्या. माझ्या नाण्यासारख्याच. पण वापराने झिजल्या असतील. माझे डोळे सत्तरी ओलांडलेले. मी कोण?

लिलावाच्या आदल्या संध्याकाळी नर्सबाईंचा फोन आला.

"काय मग? बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग?"

"बघतोय अजून," मी म्हणालो.

"म्हणजे चांगलं आहे. वाईट असतं तर तुम्ही लगेच सांगितलं असतं. तुमच्या पोटात काही राहतं का?" त्या हसल्या. "मी तर जागाही करून ठेवली. खिडकीपाशी."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडले. काय म्हणणार होतो? हे नाणे खोटे आहे, म्हणजे माझेही खोटे, म्हणजे चहाच्या दुकानात रुमालावर धरून तुम्ही इतका वेळ पाहिलेत तेही. "गुडघा कसा आहे?" मी विचारले. त्यांनी गुडघ्याबद्दल सांगितले. फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी कोटाच्या आतल्या खिशात नाणे कागदात गुंडाळून घेतले. घेतले आहे म्हणजे वापरलेच पाहिजे असे नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

खालच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. नर्सबाई दुसऱ्या रांगेत, नेहमीपेक्षा चांगली साडी नेसलेल्या, हातात नंबरची पाटी. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघून मान डोलावली. टोपीवाले माझ्या शेजारी. प्रत्येक नाण्याआधी मालक क्रमांक सांगत आणि त्याच श्वासात "हरकत?" म्हणत. पण ते असे म्हणत की क्रमांक आणि हरकत यांच्यामधून मुंगी जाणार नाही. वडिलांच्या काळापासून ते म्हटले जाते, आणि कोणीही कधी काही बोललेले मला माहीत नाही.

जहाज आले. "हरकत?" म्हणून झाले. मी अजून कोटाचे बटण काढत होतो.

नर्सबाईंची पाटी वर गेली. फोनवरून बोली लावणारा कोणी आकडा वाढवत होता. त्या खाली घेत नव्हत्या. बोली चढत गेली. फोनवाला थांबला. मालकांनी हातोडी उचलली.

"एकवार. दोनवार..."

"हरकत," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की टोपीवाल्यांनाच ऐकू गेला. ते माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो. "माझी हरकत आहे."

"वेळ गेली, भिंगराव," मालक म्हणाले. "हरकत बोलीच्या आधी घ्यायची." मागे कोणीतरी हसले.

"अहो, माणूस उभा राहिलाय तर ऐकून घ्या!" टोपीवाले म्हणाले. "कधी नव्हे ते."

मी पुढे गेलो. कागद सोडला आणि माझे नाणे मालकांच्या टेबलावर ठेवले. त्यांना ट्रेतले बाहेर काढावे लागले. दोन्ही शेजारी शेजारी, दिव्याखाली. भाषण मी मनात तयार केले होते, त्यातले काहीही आठवले नाही. "चीर," मी म्हणालो. "दोघांना तीच. खळगाही तोच. माझं इथलंच आहे. मी फसलो होतो."

पुढच्या रांगेतला एक जण वाकून बघून गेला, मग दुसरा. आणि टोपीवाले जागेवरूनच, नाण्याकडे न बघता म्हणाले, "शिडावर तिरकी चीर? आणि टोकाखाली खळगा?"

"हो."

"माझ्याकडे आहे असं. घरी." त्यांनी मालकांकडे पाहिले. "पाकिटावर घेतलं. मला म्हणालात, भिंगरावालासुद्धा दाखवलेलं नाही."

मागच्या रांगेत एका गृहस्थांनी घसा खाकरला. "माझ्याकडेही," ते म्हणाले. एवढेच.

कोणी कोणाकडे बघत नव्हते. इतकी वर्षे एका टेबलाभोवती बसलेली माणसे, आणि प्रत्येकाच्या कपाटात तीच चीर. मालकांनी हातोडी आडवी ठेवली, आवाज होऊ न देता. "रद्द," म्हणाले. मग जरा थांबून, "आजचा लिलावच रद्द."

नर्सबाईंची पाटी अजून वरच होती. त्यांनी ती खाली घेतली, पर्समध्ये घालायला गेल्या, मग ती लिलावघराची आहे हे लक्षात येऊन खुर्चीवर ठेवली, आणि बाहेर पडल्या.

मला टोपीवाल्यांनी गाठले, आणखी दोघांनी गाठले. पाठीवर थाप बसली. मला तिथून निघायचे होते. बाहेर आलो तेव्हा त्या बसथांब्यावर होत्या, एकट्याच. मी थोड्या अंतरावर जाऊन उभा राहिलो.

"जवळ या," त्या म्हणाल्या. "ओरडणार नाही मी."

मी गेलो.

"कधी कळलं तुम्हाला?"

"चार-पाच दिवस झाले. पण खात्री नव्हती. अजूनही..."

"काल फोनवर माझा गुडघा विचारलात."

मी कोटाचे बटण लावायला लागलो.

"मला नाण्याचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "खोटं तर खोटं. वॉर्डात काय कमी खोटं ऐकलंय? पण मी तिथे हात वर करून बसले होते, सगळ्यांसमोर, तुमच्या भरवशावर. पाटी खाली घ्यायचंसुद्धा सुचलं नाही मला. काल नुसतं 'नको' म्हणाला असतात, तर मी कारण विचारलं नसतं."

"मला वाटलं, माझंच चुकत असेल."

"असेल की. चुकलं असतं तर चुकलं असतं. मी काय तुम्हाला फाशी देणार होते?" त्यांनी पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली. "तुमचं बरोबर निघालं, बघा. आणि मला मेलं बरं वाटत नाहीये."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. लिलावघराचे शटर अर्धे खाली ओढल्याचा आवाज आला.

"आता हे बंदच होईल म्हणायचं," त्या म्हणाल्या.

"होईल बहुतेक."

"मग यापुढे कुठे जाणार तुम्ही?"

"घरीच. तुम्ही?"

"मी पण घरीच."

माझ्या तोंडात एक वाक्य तयार होते. अगदी साधे, चहाला या, एवढेच. नाण्यांबद्दल बोलायचे नाही, हवे तर गप्प बसू. घरी दोन खुर्च्या आहेत. मी ते वाक्य मनात एकदा म्हणून पाहिले, मग शब्द बदलून पाहिले. त्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे मला वाटते बघत होत्या. कदाचित माझ्या मागे बस दिसते का ते बघत असतील.

बस आली. त्या दांडीला धरून, दुखऱ्या गुडघ्याला सांभाळत वर चढल्या. मला त्याच बसने जायचे होते, माझे घर त्याच रस्त्यावर पुढे आहे. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, येताय ना?"

"मागची येतेय ना?" मी विचारले.

"येईल की. पण ही रिकामी आहे."

"असू दे," मी म्हणालो. "मी मागच्या बसने येतो."